मॉरिशसचे ते आकडे १९७२चे

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला मॉरिशसवरचा लेख वाचला. ‘भारतीय वंशाचे ६८ टक्के, क्रिओल २७, चिनी ३, फ्रेंच २’ अशी चौकट देऊन त्या देशाला ‘छोटा भारत’ म्हटले आहे. (क्रिओल म्हणजे मुख्यतः तिथल्या गुलामांचे वंशज.) हे आकडे आजचे म्हणून छापायला नको होते. मॉरिशसमध्ये माणसाचा समुदाय विचारणारी शेवटची जनगणना झाली १९७२ साली. तेव्हा हिंदू सुमारे ५२ टक्के, मुस्लिम साडेसोळा, चिनी तीन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ २९ टक्क्यांच्या आसपास होती. पहिल्या दोहोंची बेरीज केली की तुमचे ६८ येतात आणि २९ची फोड केली की २७ आणि २. पुढे १९८२ साली तो प्रश्नच काढून टाकला गेला. १९७२ साली सुमारे साडेआठ लाख असलेली लोकसंख्या आता सव्वाबारा लाखांच्या घरात आहे.

त्या ‘सर्वसाधारण’ रकान्याविषयी लेखात एक ओळही नाही, याचे जास्त वाईट वाटले. उरलेल्या तीन समुदायांत जो बसत नाही तो सर्वसाधारण, अशी राज्यघटनेची व्याख्या आहे. मोझांबिक आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आणि साखरमळ्यांच्या गोऱ्या मालकांचे वंशज एकाच रकान्यात! बेटावर मूळ रहिवासी कुणीच नव्हते. १८३४पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेले आपले लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे गुलाम तिथे राबत होते. त्यांना वगळून तो देश कुणाची छोटी प्रतिकृती ठरवणे अन्यायाचे आहे.

आणि हा जुना हिशेब निव्वळ कागदावर राहिलेला नाही. संसदेत निवडून आलेल्यांखेरीज असलेल्या आठ जादा जागा समुदायांचा तोल साधण्यासाठी वाटायच्या, त्या १९७२च्या आकड्यांवरूनच. उमेदवाराला आपला समुदाय सांगायची सक्ती मानवी हक्कांविरुद्ध आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ साली म्हटले. त्यानंतर २०१४च्या निवडणुकीपुरती ती सक्ती शिथिल झाली.

लेखात मराठी मंडळींचा उल्लेख आहे, तोही अर्धवट. ते ‘हिंदू’ या रकान्यात मोजले गेले खरे, पण तिथल्या रोजच्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे भोजपुरी-हिंदीवाले. तमिळ, तेलुगू आणि मराठी लोक स्वतःला वेगळे सांगतात. नोटांवरच्या मजकुरात तमिळची ओळ हिंदीच्या खाली गेली म्हणून १९९८ साली एवढा असंतोष उसळला की तिथल्या मध्यवर्ती बँकेला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. काही वर्षांपूर्वी गणेशचतुर्थीला मी कास्कावेल गावात होतो. त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आरती आपलीच, ‘सुखकर्ता दुःखहर्ता’. प्रसाद हातावर पडला आणि सगळे क्रिओल भाषेत बोलू लागले, आजीसुद्धा. २०२२च्या जनगणनेत दहांतल्या नऊ माणसांनी घरची भाषा क्रिओल सांगितली. भोजपुरी पाच टक्क्यांवर आली आहे. गुलामांच्या वस्त्यांत फ्रेंचमधून घडलेली ती बोली आज कोकणातून गेलेल्यांच्या पणतवंडांचीही मातृभाषा आहे. माझ्या दृष्टीने त्या देशाची खरी ओळख हीच, आणि लेखात नेमकी तीच नाही.

पुढच्या अंकात त्या चौकटीखाली ‘१९७२’ हे वर्ष आणि शेजारी २०२२ची भाषांची आकडेवारी छापावी, ही विनंती.

— एक वाचक, चिपळूण