मोजणी झाली, पण खुणा टिकल्या का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षाचा खुडा उरकला, कांदा चाळीत गेला आणि रान मोकळे झाले की नाशिक जिल्ह्यात बांधाच्या तक्रारी वाढतात. दिंडोरी असो, निफाड असो की सिन्नर, प्रकार तोच. एकजण खांब रोवतो, दुसऱ्याला ते आपल्या रानात आलेले दिसतात आणि पहिल्या पावसाच्या आत दोन घरांचे बोलणे बंद होते. पुढे खांब उपटले जातात, मारामारी होते आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतात. वाद चार फुटांच्या पट्ट्याचा असतो आणि वकिलाच्या फीमध्ये त्या पट्ट्याच्या कितीतरी पट पैसा जातो. हे थांबवता येते, म्हणून हे पत्र.

मोजणी केली नाही म्हणून भांडणे होतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दोन-दोनदा मोजणी होऊनही पेटलेले बांध पुष्कळ आहेत. भूकरमापक, म्हणजे भूमी अभिलेख खात्याचा मोजणी कर्मचारी, हद्द दाखवतो त्या दिवशी जमिनीवर चुन्याची फक्की आणि लाकडी खुंट्या असतात. फक्की पहिल्या वळवाने धुऊन जाते आणि खुंट्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली जातात. हातात ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, उरते, पण रानात काहीच उरत नाही. मग पुढच्या वर्षी तार ओढणारा गडी अंदाजाने सरळ रेघ धरतो आणि वाद पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

हद्दीचे दगड, चुना आणि मजूर अर्जदाराने तयार ठेवायचे असतात. मोजणीच्या नोटिशीतला तो मजकूर बहुतेक जण वाचतच नाहीत. प्रत्येक वळणाला एक दगड लागतो. लांब सरळ बांध असेल तर अधेमधेही लागतात. दगड तीन फुटी घ्यावा, दोन फूट जमिनीत आणि एक फूट वर. खड्ड्याच्या तळाशी ओंजळभर लोणारी कोळसा, फुटक्या खापऱ्या आणि काचेचे तुकडे टाकावेत. कोळसा कुजत नाही. कुणी रातोरात दगड उपटला तरी जागेवर खणले की तळातला काळा थर सापडतो. जुन्या लोकांची ही रीत आजही तितकीच कामाची आहे. दगड बसला की विहिरीचा कठडा, विजेचा खांब, घराचा कोपरा अशा न हलणाऱ्या तीन ठिकाणांपासून त्याचे अंतर टेपने मोजून ‘क’ प्रतीच्या झेरॉक्सवर लिहावे आणि त्यावर दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. झाडापासून मोजू नये. बाभूळ तोडली जाते, आंबा वठतो.

हद्द कशावरून ठरते, इथेही मोठा गोंधळ आहे. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. टेप घेऊन रान मोजायचे, दोन गुंठे कमी भरले की ते शेजाऱ्याने खाल्ले असे म्हणायचे, ही पद्धत चुकीची आहे. हद्द निघते ती टिपण, गुणाकार बुक, फाळणी बारा हे मोजणीचे जुने अभिलेख आणि तुकडे एकत्र केल्यानंतरचा (एकत्रीकरणानंतरचा) गटाचा नकाशा यांवरून. जुनी टिपणे ३३ फुटी साखळीची आहेत आणि तिचे १६ भाग म्हणजे १६ आणे. टिपणातला एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त अंतर, हे ध्यानात ठेवले तर जुन्या कागदाकडून किती बारकाईची अपेक्षा धरायची ते कळते. मोबाईलवरच्या नकाशाचे तर बोलूच नये. १:५००० प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाच मीटर भरते, आणि साध्या मोबाईलचा जीपीएसही काही मीटरने चुकतो. त्या जोरावर शेजाऱ्याला ‘तू माझ्यात आलास’ म्हणणे अन्यायाचे आहे.

भावाभावांत तर याहून मोठी अडचण येते. वाटणी झाली, सातबारे वेगळे झाले, पण पोटहिस्स्याची, म्हणजे गटातल्या प्रत्येकाच्या वाट्याची, मोजणी झालेलीच नाही आणि नकाशात गट अजून एकच आहे. अशा ठिकाणी हद्द कायम मोजणीचा, म्हणजे अभिलेखातली हद्द जागेवर दाखवण्याचा, अर्ज केला तर गटाची बाहेरची हद्द निघते. दोन भावांमधला बांध निघत नाही, कारण तो कोणत्याच अभिलेखात नाही. ‘मोजणीवाल्याने आमचा बांध दाखवलाच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा यातून येते. तिथे आधी पोटहिस्सा मोजणी हवी. एकत्र कुटुंबातल्या वाटणीच्या मोजणीचे शुल्क सरकारने प्रति पोटहिस्सा २०० रुपयांवर आणले आहे. एवढ्या पैशात हा कागद होत असताना तो करून न ठेवणे म्हणजे पुढच्या पिढीला भांडण देऊन जाणे आहे.

हद्द कायम मोजणीला डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये लागतात. तेव्हा ठरलेली मुदत अनुक्रमे ९० आणि ३० दिवस. अर्ज ई-मोजणी या ऑनलाइन प्रणालीवर होतो. त्यात लगतच्या खातेदारांची नावे आणि पत्ते द्यावे लागतात आणि मोजणी पुढे टिकणार की नाही ते इथेच ठरते. सातबाऱ्यावर मयताचे नाव तसेच असते, वारस नोंद झालेली नसते, मुलगा पुण्याला राहतो. नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते. मोजणी होते, आणि नंतर तो मुलगा येऊन म्हणतो की मला नोटीसच नव्हती. म्हणून अर्जाआधी लगतचे सगळे सातबारे ताजे काढावेत आणि हयात वारसांचे पत्ते विचारून घ्यावेत. नोटीस निघाली की शेजाऱ्याला स्वतः जाऊन तारीख सांगावी. दोन घरांतला अबोला तेवढ्यापुरता तरी मोडावा.

शेजाऱ्यानेही त्या दिवशी हजर राहावे. न आल्याने मोजणी थांबत नाही. हरकत असेल तर ती जागेवर जबाबात लिहून द्यावी, नुसती सही नाकारून काही साधत नाही. निकाल पटला नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, आहे आणि त्यावर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. मात्र मोजणी कर्मचारी ताबा काढून देत नाही. तो अतिक्रमण किती ते नकाशावर दाखवतो, बस. ‘क’ प्रत हातात आली म्हणून दुसऱ्या दिवशी जेसीबी घालणारा माणूस स्वतःच गुन्ह्यात सापडतो. ताब्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, आणि हद्द ठरल्यावर जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १३८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्याचीही तरतूद आहे. अतिक्रमण दिसत असूनही गप्प बसणे धोक्याचे आहे. ताब्याच्या दाव्याची मुदत १२ वर्षे आहे.

बांध कोरणे हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. ३३० फूट लांबीचा बांध ३.३ फूट सरकला की नेमका एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट जातो. दरसाल दहा इंच नांगर आत घातला तर त्याला चार वर्षे पुरतात. एका हंगामात हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच बांध-उरोळ्या, म्हणजे बांध आणि हद्दीच्या खुणा, राखण्याची जबाबदारी कायद्याने खातेदारावर टाकली आहे आणि हद्दीची खूण मुद्दाम हलवणे दंडास पात्र आहे. सरबांध, म्हणजे दोन रानांमधला सामाईक बांध, दोघांचा असतो. त्याची माती एकाने ओढायची आणि दुसऱ्याने बघत राहायचे, हे चालू देऊ नये.

आता कुंपण. दगड बसल्याखेरीज खांब रोवू नये आणि दोरी ओढताना दोन्ही टोके दगडालाच बांधावीत. एक टोक दगडाला आणि दुसरे जुन्या खांबाला, असे केले की पूर्ण ओळ तिरकी जाते. सात फुटी सिमेंटचा खांब दोन फूट जमिनीत जातो, पाच फूट वर राहतो. दोन खांबांत आठ ते दहा फूट अंतर पुरते. खड्डा फूट बाय फुटाचा असतो. खांब चार इंची धरला तर काँक्रीट दोन्ही अंगांना चार-चार इंच बाहेर राहते. खांबाची बाहेरची कड हद्दीच्या रेघेवर ठेवली तर जमिनीखाली चार इंच काँक्रीट शेजाऱ्याच्या रानात बसते, आणि त्याच्या नांगराचा फाळ त्यावर आपटला की भांडण उभे राहते. म्हणून एकट्याच्या खर्चाचे कुंपण रेघेपासून किमान एक फूट आत घ्यावे. तेवढी जागा सोडली म्हणजे ती सोडून दिली असे होत नाही, हद्द दगडावरून मोजली जाते. निफाडकडच्या भारी काळ्या जमिनीत खड्डा अडीच फूट घ्यावा आणि तळाला मुरूम ठोकून भरावा. ती जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन वर्षांत खांब कलतात. कललेला खांब नेहमी शेजाऱ्यानेच ढकललेला वाटतो. कोपऱ्याला आणि दर दहा-बारा खांबांनंतर तिरका टेका द्यावा, तोही आपल्या बाजूने.

द्राक्षबागेत याला आणखी एक बाजू आहे. मांडवाच्या शेवटच्या अँगलला ताण देणारी तार बागेच्या बाहेर काही फुटांवर गाडलेल्या दगडाला बांधतात. बाग हद्दीला चिकटून लावली की हा दगड शेजाऱ्याच्या रानात जातो. लागवडीच्या वेळी कुणी बोलत नाही, मांडव उभा राहिल्यावर मात्र तो हलवता येत नाही. फवारणीचा ट्रॅक्टर वळायलाही दहा-बारा फूट लागतात. ही जागा आखणी करतानाच सोडावी.

दोघांनी मिळून एकच कुंपण करायचे ठरले तर ते रेघेवर येऊ द्यावे. खर्चही निम्म्यावर येतो. मात्र खर्च कुणाचा किती, तार तुटली तर कोण बदलणार, आणि मोजणी बाकी असेल तर ‘मोजणीत निघेल ती हद्द दोघांना मान्य’, हे स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावे. खालून माती भरून पाणी अडवू नये, उताराला पाइप टाकावा. वरच्या रानाचे पाणी तुंबून शेजाऱ्याचा कांदा सडला तर कुंपणाचा वाद पाण्याचा होतो. जुना वहिवाटीचा रस्ता बंद होत असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, फक्त अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत हवा. आणि घरच्या विजेची तार कुंपणाला कधीही जोडू नये. त्यात रानडुकरापेक्षा पहाटे पाणी धरायला आलेला माणूस मरतो.

भूमी अभिलेख विभागाला एक मागणी आहे. हद्दीचे दगड प्रत्यक्ष उभे राहून त्यांचे फोटो अभिलेखात लागल्याशिवाय ‘क’ प्रत देऊ नये, आणि त्या प्रतीवर दोन-दोन दगडांमधली अंतरे मीटरमध्ये छापावीत. अक्षांश-रेखांश शेतकऱ्याला टेपने तपासता येत नाहीत, अंतर येते.

ज्यांचा बांध यंदा वादात आहे त्यांनी अर्जाची वेळ नीट साधावी. आता नियमित अर्ज केला तर पाळी ऐन खरिपात येते, उभ्या मक्यात नजरेची रेघ मिळत नाही आणि तारीख पुढे जाते. दिवाळीनंतर केलेल्या अर्जाची मोजणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि दगड बसवायला पावसाळ्याआधी दोन महिने हातात राहतात. तोवर वादाच्या पट्ट्यात दोघांनीही नांगर घालू नये.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, नाशिक