कूलरच्या बोर्डात तिसरी वायर आहे का ते आधी बघा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मार्च लागला की आमच्या परभणीत घरोघर कूलर बाहेर निघतात, टाकी धुवायची, वाळा बदलायचा, पंप चालू आहे का बघायचा, अन् एवढं सगळं झाल्यावर लक्षात येतं की खिडकीपासून पॉइंट लांब आहे, मग घरातल्या पोराला पिटाळतात, जा रे एक एक्स्टेंशन बोर्ड घेऊन ये. पोरगं काय बघणार, लाल लाइट लागतो, वायर लांब आहे, भाव कमी आहे, झालं. कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात पेपरात येते, त्यात कूलरचं नाव असतं, बोर्डाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

शेजारच्या काकूंनी आणलेला नवा कोरा बोर्ड परवा खोलून बघितला. सॉकेटला तीन छिद्रं, टॉपला, म्हणजे भिंतीत खुपसायच्या प्लगला, तीन पिना, दिसायला एकदम भारी. टॉपचा स्क्रू काढला तर आत दोनच वायरी, अन् वरच्या जाड, म्हणजे अर्थिंगच्या पिनेचा पितळी स्क्रू तसाच चकचकीत, त्याला काही जोडलेलंच नाही. ती पिन नुसती शोभेची! आता आपला कूलर पत्र्याचा, आत पाणी, पंपाचं इन्सुलेशन गेलं की करंट पत्र्यात उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो तिकडून निघून जातो अन् फ्यूज उडतो नाहीतर एमसीबी पडते, नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून जो कूलरला हात लावेल त्याच्यातून जातो.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न, वायर थ्री कोअर, म्हणजे आत तीन वायरींची, आहे का. वायरीवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. टॉप उघडणारा नसेल तर दुकानदाराला मल्टिमीटर लावायला सांगा, टॉपची मोठी पिन अन् सॉकेटचं मोठं छिद्र यांच्यात बीप वाजला पाहिजे. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा, बाजारात काय कमी आहेत का.

दुसरं लोडचं. वॅटला 230 नं भागा, अँपिअर निघतात. घरचा कूलर 200 वॅटचा धरला तर एक अँपिअर पण होत नाही, त्याला 6 अँपिअरचा साधा बोर्ड अन् 0.75 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चालते. पण तोच बोर्ड हिवाळ्यात पाणी तापवायच्या रॉडला लावतात, 1500 वॅटचा रॉड म्हणजे साडेसहा अँपिअर, तिथं 16 अँपिअरचाच बोर्ड अन् 1.5 ची वायर पाहिजे. जाड पिन बारीक सॉकेटात बसवायचे ते कन्व्हर्टर मिळतात ना, त्यानं पिन बसते, वायर काही जाड होत नाही. अन् उरलेली वायर गुंडाळून गादीखाली सारू नका, वेटोळ्यात उष्णता कोंडते अन् वरचं प्लास्टिक मऊ पडतं. बोर्डाला बोर्ड जोडणाऱ्यांना तर काय बोलावं.

आयएसआयचा शिक्का कुणीही छापतो, त्याच्याजवळ सीएम/एल असं लिहून नंबर असतो, तो बीआयएस, म्हणजे हा शिक्का देणारी सरकारी संस्था, तिच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की लायसन कुणाचं अन् चालू आहे का ते कळतं, मोबाइल तर सगळ्यांच्याच हातात असतो. अजून एक, जुन्या वाड्यांत भिंतीतल्या पॉइंटलाच अर्थिंग नसतं, तिथं कितीही चांगला बोर्ड आणला तरी उपयोग नाही, आधी वायरमनकडून ते तपासून घ्या, जमलं तर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच, पण बसवून घ्या.

तुमच्या पेपरात एप्रिलमध्ये कूलरच्या पानभर जाहिराती येतात, त्याच पानावर थ्री कोअर वायरीची एक छोटी चौकट छापता आली तर बघा.

आपला एक वाचक,
परभणी