हातात धरून खायची न्याहारी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुलांनी कोठेतरी टॅको, म्हणजे सारण भरून घडी घातलेली मेक्सिकोची पोळी, खाल्ला, आता सकाळच्या न्याहारीलाही तोच हवा म्हणून त्यांनी हट्ट धरला आहे आणि वहिनींनी केलेल्या पोह्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, हे वाचून मला हसू आले. कारण हाच प्रकार आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात झाला आणि त्यातून निघालेली तोड आता घरात चांगली रुळली आहे. ती तुला सविस्तर कळवतो. एवढेच आधी सांगून ठेवतो की, सारणाची चिंता तू करू नकोस. सगळी मेहनत वरच्या आवरणात आहे.

टॅकोसाठी मेक्सिकोत जी पोळी लागते ती मुळात मक्याची. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, मग धुऊन वाटतात. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते आणि एरवी भसभशीत राहणारे मक्याचे पीठ एकमेकांस धरून राहते. शिवाय मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व त्यामुळेच अंगी लागते. युरोपात मका गेला तेव्हा ही चुन्याची रीत मागेच राहिली, आणि मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. हे मी वाचले तेव्हा मला आपली भाकरी आठवली. ज्वारीतही मक्यासारखेच ग्लुटेन, म्हणजे गव्हाचे पीठ लवचिक धरून ठेवणारे प्रथिन, नसते, म्हणून भाकरीची घडी घातली की ती मधोमध दुभंगते. तिकडे जे काम चुना करतो ते आपल्याकडे उकळते पाणी करते. उकळत्या पाण्याने पिठातील स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि पीठ लवचिक बनते. उकड काढून केलेली भाकरी वळते, ती यामुळेच.

गव्हाची चपाती का नको, असे तू विचारशील. चपाती वळते, फाटत नाही आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते, हे सर्व खरे. मुलांच्या डब्यासाठी मीदेखील चपातीच सुचवीन. पण गरम सारण भरून लगेच खायचे असेल, तर चपाती ओलसर होऊन चिवट लागते, आणि तव्यावरून उतरलेल्या ज्वारीचा जो खरपूस वास आहे तो तिला नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून शहरांतील मोठ्या दुकानांत ज्वारीला एकाएकी मान मिळाला. आमच्या भागातल्या लोकांना याची गंमत वाटते, कारण येथे ती कधी ताटातून उठलीच नव्हती.

आता कृती. चार जणांसाठी दोन वाट्या ज्वारीचे पीठ घे. तेवढेच पाणी चवीपुरते मीठ घालून उकळव, गॅस बंद कर, पीठ त्यात ओत आणि उलथण्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेव. दहा मिनिटांनी परातीत काढून, हाताला सोसेल इतके गरम असतानाच ओल्या तळव्याने रगडून मळ. थंड होण्याची वाट पाहू नकोस. गार झालेली उकड मळताना कडा फाटतात आणि मग कितीही पाणी लावले तरी त्या सांधत नाहीत. पिठाला विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, असेल तर गोळा तुला लगेच सांगतो: अंगठ्याने दाबला की कडेला भेगा पडत नाहीत. भेगा पडल्या, तर पीठ जुने आहे असे समज. अशा पिठाची थालिपिठे करावीत, घडीच्या भाकरीचा नाद सोडावा.

लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करून ओल्या फडक्याखाली ठेव आणि एकेक काढून लाट. थापण्याची सवय नसलेल्या माणसाने येथे लाटण्याला हात घालण्यात काहीच कमीपणा नाही. आईला हे मान्य नाही, पण ती तिची बाब आहे. आकार तळहाताएवढा, जाडी चपातीहून किंचित जास्त. कडा वेड्यावाकड्या आल्या तर डब्याच्या झाकणाने कापून गोल कर, मुलांना ते गोलच हवे असते. बिडाचा तवा चांगला तापल्यावर भाकरी टाक, वरून पाण्याचा हात फिरव, पाणी सुकले की उलट आणि दुसरी बाजू होऊ दे. नेहमीप्रमाणे विस्तवावर फुगवून कडक करायची नाही. दोन्हीकडे तपकिरी ठिपके दिसले की उतरवून, सुती फडके अंथरलेल्या डब्यात एकावर एक रच आणि झाकण लाव. आतल्या वाफेने त्या मऊ होतात. या भाकऱ्या अर्ध्या तासाच्या आत संपवाव्यात. नंतर त्या वळत नाहीत, आणि तसा हट्ट केला तर मोडतात.

सारणाविषयी एकच अट आहे, ते कोरडे असावे. अंड्याची भुर्जी करायची तर टोमॅटो तिच्यात शिजवू नकोस, कारण त्याचे पाणी सुटून भाकरी खालून गळू लागते. कांदा, हिरवी मिरची आणि थोडी हळद परतून त्यावर फेटलेली अंडी ओत, मंद आचेवर हलवत राहा आणि अजून किंचित ओलसर आहेत असे वाटत असतानाच उतरव. ती स्वतःच्या उष्णतेवर पुढे शिजतात. आच जास्त लागली की अंडे आवळते आणि आतले पाणी बाहेर पडते. टोमॅटो बिया काढून, बारीक चिरून, कांदा, कोथिंबीर आणि लिंबाबरोबर वेगळ्या वाडग्यात ठेव. मेक्सिकोवाले याला काहीही म्हणोत, आपल्या ताटातली ही कोशिंबीरच आहे.

आई अंडे खात नाही. तिच्यासाठी, आणि खरे सांगायचे तर माझ्यासाठीही, बटाटा असतो. उकडलेल्या बटाट्याचा लगदा करण्याऐवजी कच्च्या बटाट्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी अर्धवट उकडून घ्याव्यात, पाणी पूर्ण निथळावे आणि त्या जिरे व लसणाच्या फोडणीत न हलवता राहू द्याव्यात, म्हणजे एका बाजूला सोनेरी खरपूस पापुद्रा धरतो. सारखे ढवळणारा हात येथे नडतो. वरून रंजका, म्हणजे ताज्या लाल मिरच्यांचा मिठा-लिंबात मुरवलेला ठेचा, चमचाभर पुरे. मुलांच्या वाट्याला मी ब्याडगी मिरचीचा करतो, तिचा रंग भडक असतो आणि तिखटपणा बेताचा. तुमच्याकडे ती सहज मिळते.

एक वाटी शेंगदाण्याच्या चटणीची आणि एक कारळ्याच्या चटणीची मात्र विसरू नकोस. या दोन्ही कोरड्या चटण्या सारणाखाली भाकरीवर भुरभुरल्या की सारणातला उरलासुरला ओलावा त्या पिऊन घेतात, आणि घडीच्या तळाला खमंग चव येते. त्याही आधी भाकरीला लोण्याचे बोट फिरवायचे. लोणी आणि कारळे ही जोडी ज्याने खाल्ली नाही, त्याला टॅकोच्या दुकानात रांग लावण्याचा हक्क आहे असे मी समजतो.

गंमत कोठे आहे ते आता सांगतो. शनिवारी मुलांची सकाळची शाळा असते, घाई असते, म्हणून त्या दिवशी मीच भरून देतो आणि ती दारात उभ्यानेच खातात, एक डोळा रिक्षेकडे ठेवून. रविवारी मात्र सगळ्या वाट्या मधोमध मांडतो, भाकऱ्यांचा डबा उघडतो आणि ज्याने त्याने आपली घडी स्वतः भरायची. थोरला प्रत्येक वाटीतले थोडेथोडे घेऊन इतके भरतो की घडीच बसत नाही, आणि मग तो डोके तिरके करून सुटलेल्या बाजूने खाऊ लागतो. धाकटी फक्त बटाटा आणि लोणी घेते, पण कोथिंबिरीचे एक पान वर ठेवल्याशिवाय तोंड लावत नाही. दोन चमच्यांहून जास्त सारण घ्यायचे नाही असा नियम मी केला होता, तो कोणी पाळत नाही. आई सर्वांकडे पाहत बसते, म्हणते की भाकरी मोडून खायची असते, आणि मग आपल्या ताटात भाकरी वेगळी, बटाटा वेगळा, चटणी वेगळी घेऊन शांतपणे मोडून खाते. तिच्या वाट्याच्या भाकऱ्या मी घडीसाठी मोजत नाही.

वहिनींच्या कामाचा प्रश्न राहिला. पोह्यांपेक्षा याला वेळ जास्त लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. चटण्या आठवडाभर टिकतात, रंजका तर त्याहून जास्त. बटाटे आदल्या रात्री अर्धवट उकडून ठेवता येतात. सकाळी उरते ती उकड आणि अंडी. तेवढे तू करायला घे. लाटायला मुलांनाही बसव, कशाही लाटोत. हे सर्व वहिनींच्याच गळ्यात घालणार असशील, तर पोहेच चालू ठेव आणि माझे नाव घरात काढू नकोस.

पुण्यात ज्वारीचे पीठ मिळते, पण गिरणीतून येऊन किती दिवस झाले ते कोणी सांगत नाही. म्हणून येत्या आठवड्यात आमचे भावजी तिकडे येत आहेत त्यांच्याबरोबर पाच किलो मालदांडी ज्वारी धाडतो. थोडी थोडी दळून घे, एकदम नको. गिरणीवाल्याला मात्र बजावून सांग की बेसनावर दळू नकोस, आधी दुसऱ्या कोणाची ज्वारी असेल तर तिच्यामागे आपली लाव. वेगळी पिशवी बरोबर ने. दळण घरी आले की लगेच डबा बंद करू नकोस, पीठ गरम असते, त्याला वाफ धरते; ताटात पसरून निववून मग भर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पहिल्या रविवारी काय झाले ते कळव.

तुझा स्नेहांकित