रिपोर्ट नॉर्मल आला, पण दुखणं तसंच. या पेशंटला पुढे विचारणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बीपी, शुगर, हार्ट अटॅक यावर तुमच्या पेपरात नेहमी छापून येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण ज्यांचं रोज काही ना काही दुखतं आणि तपासण्यांत मात्र काहीच सापडत नाही अशा पेशंटबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, काउंटरला मी स्वतः बसतो, त्यामुळे ही माणसं मला सारखी भेटतात. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, पोटात गोळा, डोकं जड, अंगाची आग. चिठ्ठीवर तीच पित्ताची गोळी, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स आणि एक दुखण्याची. पुढच्या महिन्यात डॉक्टर वेगळे, चिठ्ठी जवळपास तीच.

मधे एक ताई आल्या होत्या, साडीच्या दुकानाची जुनी पिशवी, त्यात एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, थायरॉइड, मानेचा एमआरआय, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं आणि कागद हाताळून हाताळून मऊ पडलेले. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. दादा, मग रात्री मुंग्या येतात त्या काय मी मुद्दाम आणते का?" घरात सासू म्हणते नाटकं करते, जाऊ म्हणते एकदा बाहेरचं बघून घे, आणि एमआरआयच्या पैशासाठी गळ्यातलं गहाण पडलेलं.

त्या मुंग्या खऱ्या असतात हो. काळजीने किंवा दमल्यामुळे माणूस नकळत भराभर, वरवर श्वास घ्यायला लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते, मग माणूस अजून घाबरतो आणि श्वास अजून वाढतो. दुखण्याचंही असंच, दुखतं म्हणून झोपून राहिलं की स्नायू कमजोर होतात आणि थोडं काम केलं तरी जास्त दुखतं, मग एखाद्या दिवशी बरं वाटलं की साठलेलं सगळं काम एकदम उरकायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. अवयव शाबूत असतात, रिपोर्ट नॉर्मल असतात, आणि त्रासही शंभर टक्के खरा असतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मधे आपल्या निदानाच्या पुस्तकात बदल केला, तेव्हा अशा शारीरिक त्रासाच्या निदानासाठीची "तपासणीत कारण सापडत नाही" ही अटच काढून टाकली आणि माणसाला त्रास किती होतो, त्याचं जगणं किती अडतं यावर भर दिला. आपल्याकडे अजून "काही नाही, घरी जा" चालू आहे.

पण दोष एकट्या डॉक्टरांना देऊन चालणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना एका पेशंटला हे सगळं समजावून सांगायला वेळ आणायचा कुठून? नेमकं इथेच ऑनलाइन स्वमदत कामाला येते असं माझं ठाम मत आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गचे न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू आणि नसांचे डॉक्टर) जॉन स्टोन यांनी 2009 मधे अशा लक्षणांच्या पेशंटसाठी मोफत वेबसाइट सुरू केली, लक्षण का येतं, ते खरं कसं आहे, काय करून बघायचं, हे साध्या भाषेत. स्कॉटलंडमधेच 2011 साली एक अभ्यास छापून आला, त्यात पेशंटला स्वमदतीचं पुस्तक आणि सोबत अर्ध्या-अर्ध्या तासाची चार मार्गदर्शनाची सत्रं दिली होती, फायदा झाला, मोठा चमत्कार नाही पण झाला. यात सोबत कुणीतरी विचारणारं आहे ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण नुसती लिंक पाठवून दिली तर कोण बघतंय.

आणि हे लांबचं आहे, आपल्याकडे जमणार नाही, असंही कुणी म्हणू नये. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक म्हणून बसवलं, 2010 मधे त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटमधे सरकारी केंद्रांत चांगला फरक दिसला. असे कितीतरी पेशंट दवाखान्यात येतात ते मुळात झोप नाही, अंग दुखतं, थकवा आहे म्हणूनच. गोव्यातल्याच बायकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात अंगावर पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसला होता, आणि आपण मात्र अँटिबायोटिकचे कोर्स देत राहतो.

सरकारचा 14416 हा टेलिमानस नंबर 2022 पासून आहे, मराठीतही बोलतात, चांगली सोय आहे. पण ज्या बाईची कंबर दुखते ती मानसिक आरोग्याच्या नंबरला फोन का करेल? तिला तर वाटणार, आता सरकारही मला वेडी म्हणतंय. म्हणून हे काम अंगदुखी, चक्कर, धडधड याच नावाने, तिच्या नेहमीच्या दवाखान्यातूनच सुरू व्हायला पाहिजे. आधी डॉक्टरांनी नीट तपासायचं, हे पहिलं, यात तडजोड नाही. वजन आपोआप घटतंय, शौचातून रक्त जातंय, ताप उतरत नाही, एका बाजूची ताकद गेली, चालताना छाती भरून येते, अशांना स्वमदत नको, लगेच पुढची तपासणी पाहिजे. ते सगळं बघून झाल्यावर डॉक्टरांनी औषधासारखंच चिठ्ठीवर लिहून द्यावं, की हे ऐका, हे करा, अमुक दिवसांनी परत दाखवायला या.

त्यात काय असावं तेही सांगतो. दहा-दहा मिनिटांचे मराठी ऑडिओ, वऱ्हाडातल्या बाईला आणि कोकणातल्या बाईला आपली वाटेल अशा बोलीत, श्वास सावकाश कसा सोडायचा, काम थोडं थोडं रोज कसं वाढवायचं, झोपेचं काय करायचं, त्रास कधी वाढतो आणि कधी कमी होतो याची नोंद कशी ठेवायची. पुन्हा नवीन ॲप काढू नका, निम्म्या घरात स्मार्टफोन नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. साध्या फोनवर कॉल येऊन ऐकता आलं पाहिजे. आणि आरोग्य उपकेंद्रात बसणाऱ्या सीएचओने, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने, आठवड्यातून एकदा फोन करून विचारलं पाहिजे, ताई, कसं चाललंय, काय जमलं, काय नाही जमलं. सीएचओंवर आधीच ऑनलाइन नोंदींचं ओझं आहे हे माहीत आहे, तेव्हा हे काम देताना दुसरं काहीतरी कमी करावं लागेल, नाहीतर हेही फक्त रजिस्टरमधे राहील.

सार्वजनिक आरोग्य विभागाने दोन-चार तालुक्यांत तरी हे करून बघावं, आणि सहा महिन्यांनी पेशंटला बरं वाटतंय का याबरोबरच त्यांचा तपासण्यांवरचा आणि गोळ्यांवरचा खर्च कमी झाला का, हेही मोजावं. माझ्या दुकानातल्या पित्ताच्या आणि ताकदीच्या गोळ्यांचा खप त्याने कमी झाला तर मला चालेल.

आपला,
एक फार्मासिस्ट, जि. सातारा