गुरुवारी शटर उघडं असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या ‘वाचकांची पत्रे’मध्ये एका गृहस्थांचं पत्र होतं. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले. तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, दारं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एकूण सोन्याचा पिंजरा, असं त्यांचं म्हणणं. त्यांना दिसलं ते खोटं नाही. पहिले बारा दिवस मीही खिडकीतून तेच बघत होतो. तेराव्या दिवशी शेजारच्या घरातून पत्र्यावर हातोडा पडल्याचा आवाज आला, आणि तो चुकीचा पडत होता.

मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला छत्तीस वर्षं काढली. सांगाड्यावर पत्रे चढवायचे, रिवेट मारायचे, अपघातातल्या गाड्यांचे पोचे काढायचे. पत्र्याच्या मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, नीट टेकलेली असली की ठोका भरीव वाजतो, सरकली असली की बद्द वाजतो. हा बद्द वाजत होता. सौ. म्हणाली, “लोकांच्या घरात नाक खुपसू नका.” मी चपला घातल्या.

हे गाव लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, पोमोनाजवळ. तिकडे गॅरेज म्हणजे दुरुस्तीचं दुकान नव्हे, घराला जोडून गाडी ठेवायची खोली. शटर वर होतं आणि आत चौघं एका सडक्या पत्र्याभोवती उभे होते. घरमालक सत्तरी ओलांडलेले, टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात सारी नोकरी गेलेली. दुसरे ट्रक चालवणारे, मूळ मेक्सिकोकडचे, वेल्डिंगला वाघ. तिसरे मोटारींच्या गाद्या शिवणारे. चौथ्या एक नर्सबाई, त्यांच्याकडे वायरिंगचं खातं. मी डॉलीकडे बोट दाखवलं. घरमालकांनी हातोडा माझ्या हातात दिला. कुठून आलात, मुलगा कुठल्या कंपनीत, घर स्वतःचं की भाड्याचं, काही नाही. आपल्याकडे एवढं विचारून होईपर्यंत चहा गार होतो. तासाभराने मुलगा मला शोधत आला, त्याने “बाबा!” म्हणून हाक मारली, आणि त्या चौघांना वाटलं ते माझं नाव आहे. पुढचे पाच महिने मी सगळ्यांचा बाबा होतो. घरमालक माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, तेसुद्धा बाबाच म्हणायचे.

त्यांचं जे चाललं होतं त्याला हॉट रॉड म्हणतात. जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून टाकायचे, इंजिन दांडगं बसवायचं आणि गाडी जमिनीलगत आणायची. यांची गाडी रोडस्टर, म्हणजे जिला पक्कं छप्पर नाही आणि दाराला खालीवर होणारी काचही नाही. यांच्याकडे १९२९ सालच्या फोर्ड मॉडेल एची बॉडी होती, खालचा चार बोटं पत्रा गंजून चाळण झालेला. ती बसवायची १९३२ सालच्या फोर्डसारख्या नव्याने बनवलेल्या चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर. बत्तीसच्याच चेसिसचा हट्ट का, हे मला आधी कळेना. मग चेसिसच्या कडेने हात फिरवला तेव्हा कळलं. त्या साली फोर्डने चेसिसची बाजू झाकली नाही, उलट तिच्यावरच एक उठावदार रेघ काढली. त्यामुळे मडगार्ड आणि पायरी काढून टाकली तरी गाडी उघडीवाघडी दिसत नाही. पत्रेकाम करणाऱ्याला ही रेघ बघून बरं वाटतं. इंजिन मात्र एका भंगारातल्या पिकअपचं, शेवरोलेचं, ३५० घन इंचाचं. फोर्डच्या पोटात शेवरोले घातली म्हणून नाकं मुरडणारे तिकडेही आहेत. घरमालक म्हणायचे, ज्याला पटत नाही त्याने स्वतःच्या पैशाने फोर्डचं आणून द्यावं.

हा नाद कुठून आला तेही त्यांनीच सांगितलं. १९३२मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचं इंजिन साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत दिलं. २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती. पुढे त्या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या आणि पोरांनी त्या घरीच फेरफार करून वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायला घेतल्या, म्युरॉक आणि एल मिराज ही त्यांतली नावं. वेग मोजायला १९३७मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना वेल्डिंग, लेथ, इंजिनं सगळं येत होतं, मग काय विचारता. ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक जानेवारी १९४८मध्ये सुरू झालं. मी म्हटलं, आमची एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला धावली ती १ जून १९४८ला. म्हणजे तुमचं मासिक पाच महिन्यांनी थोरलं. एल मिराजला मला नोव्हेंबरात नेलं. पाण्याचा थेंब नाही, तासलेल्या फळीसारखं सपाट तळं, आणि अशी धूळ की दोन दिवस नाकातून निघत होती.

काम सांगतो. गंजलेली पट्टी कापून काढायची आणि तिथे १८ गेजचा नवा पत्रा बसवायचा. ट्रकवाल्यांचं वेल्डिंग देखणं, पण ते सलग ओढत न्यायचे. पत्रा तापला की जोडावर आकसतो आणि बाजूला पोट धरतो, बसला तुमचा दरवाजा तिरका. मी त्यांना थांबवलं. एक ठिपका इथे, पुढचा हातभर लांब, मग परत मध्ये, आणि प्रत्येक ठिपका गार होऊ द्यायचा. नंतर मागे डॉली धरून जोडावर हलके ठोके, म्हणजे आकसलेलं पुन्हा पसरतं. त्यांच्याकडे पत्रा वाकवायचं मशीन नव्हतं. दोन अँगल शिकंजात आवळून लाकडी मॅलेटने कड दुमडली. माझं इंग्रजी कार्यशाळेतलं, पण तिथे तेवढंच लागत होतं.

मापाचं मात्र गंमतशीर झालं. मुलाने बजावलं होतं, बाबा, इथे सगळं इंचात असतं, तुमचा गोंधळ होईल. अहो, आमचे जुने मिस्त्री काय बोलायचे? सूत! इंचाचे आठ सूत. दापोडीला मी नोकरीला लागलो तेव्हा मिलिमीटर फक्त ड्रॉइंगवर होते, तोंडात सूतच होतं. घरमालक म्हणायचे “वन एट्थ”, मी म्हणायचो “एक सूत”. पंधरा दिवसांत गादीवाले “टू सूत, बाबा” म्हणायला लागले. अर्ध्या सुतासाठी त्यांच्या भाषेत एवढा सुटसुटीत शब्द नाही, हे त्यांनी मान्य केलं.

मुलाला वेगळीच काळजी, व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही. मी म्हटलं, पगार कुठे आहे? हे काम नव्हे, लुडबुड. मोबदला म्हणाल तर ट्रकवाल्यांच्या घरून येणारे तामाले, मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच सालात उकडलेले, आणि माझ्यासाठी बिनमांसाचे वेगळे. सौ.ने पहिला खाऊन पाहिला आणि म्हणाली, हळदीच्या पानात केले असते तर पातोळ्यांच्या जवळ गेले असते. तिला तोवर पुष्कळ राग होता. पण ऑक्टोबर संपता संपता ट्रकवाल्यांच्या दारात झेंडूच्या राशी पडल्या. त्यांच्यात नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घरातल्या गेलेल्या माणसांसाठी झेंडूची आरास मांडतात. तिने खुणेने चार फुलं मागितली, त्यांनी टोपलीभर दिली. दिवाळीचं लक्ष्मीपूजन त्यांच्याच झेंडूवर झालं. उरलेला हार तिने स्वतः नेऊन त्या बिनदाराच्या गाडीला घातला. त्यानंतर नाक खुपसण्याचा विषय निघाला नाही.

डिसेंबरात ब्रेकने महिनाभर छळलं. या गाडीत पेडल दाबलं की ब्रेकला ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीखाली चेसिसला असतो, चाकाजवळ डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरपेक्षा खाली. आम्ही जमायचो दर गुरुवारी. एका गुरुवारी नळ्यांतली सगळी हवा काढावी, पेडल दगडासारखं कडक, आणि पुढच्या गुरुवारी पहिला पाय दिला की थेट फळीला. गळती कुठेच नाही. दोनदा सगळ्या जोडण्या उघडल्या. मी एसटीचा माणूस, आमच्या गाड्यांना हवेचे ब्रेक, मला काय कळणार? तिसऱ्या वेळी नर्सबाई कंदील घेऊन गाडीखाली होत्या आणि त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. छत्तीस वर्षं उभं राहून माझ्या पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, “बाबा, पायातल्या शिरांना आतून झडपा असतात, रक्त वर चढतं ते परत खाली येऊ नये म्हणून. तुमच्या झडपा गेल्यात. या गाडीला झडप बसवलीय का?” घरमालकांनी कपाळावर हात मारला. मास्टर सिलिंडर खाली असला की ऑइल परत त्याच्याकडे उतरतं. ते थोपवायला डिस्कच्या लायनीत २ पौंड दाब धरून ठेवणारी बारकी झडप लागते. ती महिनाभर फडताळात पाकिटात पडून होती. आणि तेव्हापासून नर्सबाई माझ्यामागे लांब मोजे घालायचा लकडा लावून होत्या. घातले शेवटी.

इंजिन जानेवारीत सुरू झालं. झालं म्हणजे आधी कार्ब्युरेटरमधून हातभर जाळ निघाला आणि आम्ही चारी दिशांना पळालो. सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसला होता. काढून फिरवला आणि असं धडधडलं की पलीकडच्या गल्लीतून दोन अनोळखी माणसं बघायला आली. त्यातला एक पुढच्या गुरुवारी रंगाचा स्प्रे घेऊन हजर.

त्याच महिनाअखेर पोमोनात रोडस्टरांचं मोठं प्रदर्शन भरतं, १९५०मध्ये ओकलंडला सुरू झालेलं. तिथल्या गाड्या अशा की श्वास टाकला तर डाग पडेल. मला आमची, रंगाआधीचा प्रायमर मारलेलीच बरी वाटली. घरमालक परतताना गप्प होते, बहुधा त्यांना तसं वाटलं नसावं.

नोंदणीचंही सांगतो. कॅलिफोर्नियात घरी बांधलेली गाडी तपासणी करून रीतसर नोंदवता येते. घरमालक इंजिनापासून नटापर्यंतच्या सगळ्या पावत्या बुटाच्या खोक्यात ठेवतात, कारण कुठला भाग कुठून आणला ते दाखवावं लागतं. शिवाय दर वर्षी पहिल्या ५०० अर्जांना धुराचे नियम बॉडी ज्या सालची दिसते त्या सालाप्रमाणे लावून घेता येतात. आपल्याकडे कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरबदल चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये तेच स्पष्ट केलं. बुलेटचे सायलेन्सर फोडत हिंडणारी पोरं बघता मला त्यात वाईट वाटत नाही. आयटीआयत फिटर शिकणाऱ्या पोराकडे बघितलं की मात्र वाईट वाटतं.

आता त्या गृहस्थांच्या मुद्द्याकडे. नर्सबाई घरमालकांपासून चार घरं सोडून राहतात, आणि अकरा वर्षं एकमेकांची नावं माहीत नव्हती. तेव्हा शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही हे अगदी खरं. माझं एवढंच म्हणणं की तिथे ओळख दारावरची बेल वाजवून होत नाही. कोणी तरी काही तरी अर्धवट मांडून बसलेलं असतं, शटर वर असतं, आणि आत जाऊन दुसरं टोक धरायचं असतं. आमचा वार गुरुवार होता. पुण्यात गुरुवार म्हणजे लाइट जाण्याचा वार, म्हणून लक्षात राहिला. त्या गृहस्थांनी काय केलं ते मला माहीत नाही. त्यांना रोडस्टर नकोच असेल. पण त्यांच्या पत्रात आपण बँकेत हिशेब तपासणीला होतो असं आहे, आणि आमच्या बुटाच्या खोक्यातल्या पावत्या लावायला सहा महिन्यांत एकही माणूस मिळाला नव्हता.

गुढीपाडव्याच्या आधी मी परतलो तेव्हा गाडी प्रायमरमध्येच होती आणि गाद्या बाकी होत्या. परवा पहाटे मोबाइलवर फोटो आला. पुढच्या दोन चाकांमध्ये टेप धरलेला, आणि खाली घरमालकांनी रोमन अक्षरांत लिहिलेलं, “टो-इन वन सूत, बाबा. ओके?” टो-इन म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली ते. माप बरोबर आहे. पण फोटोत कोपऱ्याला घोडीचा, म्हणजे गाडी उचलून टेकवायच्या तिवईचा, पाय दिसतोय. मी विचारलं आहे, गाडी जमिनीवर भाराने उभी करून मोजलंत की घोडीवर? अजून उत्तर नाही.

आपला,
एक निवृत्त पत्रेकारागीर, सांगवी, पुणे
(कृपया नाव छापू नये.)