औषधांची अधिकृत माहिती काउंटरपर्यंत पोहोचावी : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

औषध देताना त्याची मात्रा, दुष्परिणाम आणि घ्यायची काळजी रुग्णाला समजावून सांगणे, हे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. त्यासाठी लागणारी माहिती आम्ही आता बहुधा मोबाईलवरच शोधतो. ती पारखायची कशी, हे मात्र आम्हांला कोणी शिकवलेले नाही.

सर्दीच्या सिरपचेच पाहा. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. तरीही शोध घेणाऱ्यासमोर आधी येते ते वजनानुसार मात्रा सांगणारे एखादे जुने पान, ज्यावर ना लेखकाचे नाव असते ना तारीख. आणि पुष्कळदा तेच संकेतस्थळ औषध विकतही असते. परदेशी संदर्भ दर्जेदार असले तरी येथे ते पुरे पडत नाहीत. निमेसुलाइड या ताप व वेदनेवरच्या औषधाला अमेरिकेत कधी मान्यताच मिळाली नाही. मग १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून त्यावर बंदी आहे, हे तिथल्या संदर्भांत कोण कशाला सांगेल? चॅटबॉटचे उत्तर तर इतके सफाईदार असते की ते आले कुठून, हे विचारायचेच राहून जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ मिश्र औषधांवर (एकाच औषधात दोन किंवा अधिक घटक असलेल्या) बंदी घातली. यादी घटकांच्या नावांनी होती आणि दुकानातले रॅक लावलेले असतात ब्रँडच्या नावांनी. कोणता माल बाजूला काढायचा, हे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवरून ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवावे, ही पद्धत धोक्याची आहे.

म्हणून विनंती अशी की, बंदी, इशारे आणि अप्रमाणित ठरलेल्या बॅच यांची माहिती घटक व ब्रँड अशा दोन्ही नावांनी शोधता येईल आणि प्रत्येक नोंदीवर मूळ आदेशाचा क्रमांक व तारीख असेल, अशी सोय आपल्या विभागाने करावी. तसेच नोंदणीच्या नूतनीकरणासाठी असलेल्या रिफ्रेशर कोर्समध्ये, राज्य फार्मसी कौन्सिलशी बोलून, माहिती पारखण्याचा प्रत्यक्ष सराव ठेवावा : एकाच औषधाची चार पाने समोर द्यावीत आणि लेखक कोण, तारीख कोणती, पैसा कोणाचा, मूळ आदेशाशी मेळ बसतो का, हे फार्मासिस्टकडूनच तपासून घ्यावे. कृपया आणखी एक व्याख्यान नको.

सगळी माहिती एकदम देणे शक्य नसेल, तर लहान मुलांच्या औषधांपासून सुरुवात करावी.

आपला,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट