घर वडिलांच्या नावावर, पण राहतो आम्ही सगळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंदूरच्या जुन्या वस्तीत आमचे आजोबांच्या वेळचे घर आहे. रस्तारुंदीसाठी नपती (मोजणी) करणारे आले आणि पुढच्या भिंतीपासून ११ फूट आत लाल खूण करून गेले. त्या ११ फुटांत ओटा, चुलतभावाचे शिलाईचे दुकान, वर जाणारा जिना आणि काकूंची खोली येते. काकू विधवा आहेत. ४० वर्षे त्याच खोलीत राहतात. नोटीस फक्त माझ्या वडिलांना आली, कारण रजिस्ट्री त्यांच्या नावावर. काकूंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि विचारले, “यात माझं नाव कुठे आहे रे?”

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात त्यांचे नाव आहे. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली स्त्री त्यात स्वतंत्र कुटुंब धरली आहे. प्रत्येक सज्ञान माणूसही. जागा नावावर नसली तरी तीन वर्षे तिथे काम करून पोट भरणाराही बाधितांत मोडतो. हरकतींना ६० दिवस, बाजारभावाइतकीच आणखी दिलासा रक्कम, आणि पैसे हाती दिल्याशिवाय ताबा नाही, हेही त्यातच आहे.

पण शहरातल्या रस्त्यांसाठी बहुतेक वेळा हा मार्ग धरलाच जात नाही. संमतीपत्रावर मालकाची सही घेतात आणि बदल्यात टीडीआर, म्हणजे जास्तीचे बांधकाम करण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा कागद देतात. आमच्या जुन्या भिंतींवर नवा मजला चढणार नाही. कागद विकायचा तर गिऱ्हाईक आम्हीच शोधायचे. तोवर काकूंनी झोपायचे कुठे, आणि भावाने मशीन कुठे मांडायची?

रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. सणासुदीला आमच्या गल्लीत अडकलेली रुग्णवाहिका मी स्वतः पाहिली आहे. मागणी एवढीच, की सही मागण्याआधी प्रत्येक घरात कोण राहते, कोण कमावते याची यादी करावी, ती वॉर्डात लावावी आणि त्या प्रत्येकाचे म्हणणे ऐकावे. नोटीस देणे, म्हणणे ऐकणे, कारणासह निर्णय देणे हा मालमत्तेच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात सांगितले आहे. शेजाऱ्यांनाही कळकळीची विनंती: घाईने सही करू नका, आधी घरातल्या बायकांना कागद वाचून दाखवा.

वडिलांनी अजून सही केलेली नाही. काकूंची खोली आणि भावाचे दुकान यांची लेखी नोंद व्हावी, असा अर्ज आम्ही दिला आहे. त्याची पोच मिळाली, उत्तर आलेले नाही.

आपला,
एक वाचक, इंदूर